सर्वांत जाड बर्फाखाली सर्वांत जुना बर्फ का सापडत नाही?

प्रश्न असा आहे: अंटार्क्टिकात काही ठिकाणी बर्फाची जाडी पावणेपाच किलोमीटरच्या घरात जाते. मग प्राचीन हवामानाचा अभ्यास करणारे लोक तिथेच तळापर्यंत ड्रिल का करत नाहीत? तीन किलोमीटरहूनही कमी बर्फ असलेल्या जागा का निवडतात? आणि खाली किती जुना बर्फ आहे हे ड्रिल लावण्याआधी कळतं तरी कसं?

मी या कामात रडार-सर्वेक्षणाच्या बाजूला आहे, म्हणजे ड्रिल कुठे लावायचं हे ठरण्याआधीच्या टप्प्यात. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

सरळ उत्तर हे की जाड बर्फाचा तळ वितळतो. सर्वांत जुना बर्फ सर्वांत खाली असतो, त्यामुळे वितळताना पहिला बळी त्याचाच जातो. जुन्या बर्फाचा शोध हा मुळात थंड तळाचा शोध आहे, आणि हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता फार थोडी असते. पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यभागी ती दर चौरस मीटरला साधारण ५० ते ६० मिलिवॉट धरतात. एवढ्याशा उबेने काय होणार असं वाटतं, पण जाड बर्फ तळाला घोंगडीसारखा झाकून बसलेला असतो आणि ही ऊब वर निसटू देत नाही. पूर्व अंटार्क्टिकातल्या डोम सी या जागेचं उदाहरण घेऊ. तिथे पृष्ठभागाचं वार्षिक सरासरी तापमान उणे ५४ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. तळाशी बर्फ वितळायला शून्य अंशही लागत नाहीत, कारण वरच्या दाबामुळे वितळणबिंदू दर किलोमीटरला सुमारे ०.९ अंशाने खाली येतो. अडीच-तीन किलोमीटर खोलीवर बर्फ उणे सव्वादोन ते उणे अडीच अंशांनाच वितळू लागतो. म्हणजे पृष्ठभाग आणि वितळणारा तळ यांत साधारण ५२ अंशांचा फरक. ५० मिलिवॉट उष्णता बर्फातून वर वाहून जायची तर खाली जाताना दर किलोमीटरला सुमारे २० अंशांनी तापमान चढावं लागतं. ५२ ला २० ने भागा, उत्तर येतं अडीच किलोमीटरच्या जरा वर. त्यापेक्षा बर्फ जाड असला की तळ वितळायला लागला म्हणून समजा.

हे गणित ढोबळ आहे. वरून साठत जाणारा बर्फ हळूहळू खाली सरकताना आपली थंडी बरोबर नेतो, त्यामुळे खरी मर्यादा आणखी थोडी पुढे जाते. पण अडीच ते पावणेतीन किलोमीटरचा बर्फ आम्ही का शोधत असतो, ते या चार ओळींतून कळतं. उष्णता ५० ऐवजी ६० मिलिवॉट असली तर काय, हेही पाहण्यासारखं आहे. जास्तीची १० मिलिवॉट उष्णता वर्षाला सुमारे १ मिलिमीटर बर्फ वितळवते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तळाजवळ एका मीटरमध्ये १० हजार वर्षं दाबली गेलेली असतील, तर तिथला एका वर्षाचा थर फक्त ०.१ मिलिमीटरचा असतो. म्हणजे दर वर्षी दहा वर्षांची नोंद पाणी होऊन निघून जाते. अशा ठिकाणी दहा लाख वर्षं जुना बर्फ टिकणं शक्यच नाही.

याचे पुरावे ड्रिलिंगच्या इतिहासातच आहेत. १९६८ मध्ये अमेरिकेच्या बर्ड स्टेशनवर २,१६४ मीटर खोल जाऊन अंटार्क्टिकात पहिल्यांदा बर्फाचा तळ गाठला गेला, आणि तिथे पाणी लागलं. व्होस्टॉकच्या रशियन स्टेशनवर १९९८ पर्यंत ३,६२३ मीटरची कोअर (ड्रिलने कापून बाहेर काढलेली बर्फाची लांब कांडी) निघाली, पण साधारण ३,५३९ मीटरच्या खालचा बर्फ हिमवर्षावातून झालेला नव्हताच. तो खालच्या व्होस्टॉक सरोवराचं गोठलेलं पाणी होता. त्याच्या वरही काही अंतर थर विस्कटलेले होते. एवढ्या खोलीतून हवामानाची सलग नोंद मिळाली ती सुमारे ४ लाख २० हजार वर्षांची. डोम सी इथे युरोपच्या एपिका प्रकल्पाने २००४ च्या अखेरीस जवळजवळ ३,२७० मीटरपर्यंत मजल मारली, व्होस्टॉकपेक्षा साडेतीनशे मीटर कमी. आणि नोंद मिळाली ८ लाख वर्षांची. खोली कमी आणि वय जवळजवळ दुप्पट. तरी डोम सीचा तळही वितळणाराच आहे. ८ लाखांच्या मागचं पुस्तक तिथून कधीच वाहून गेलं.

आता हे ८ लाखांच्या मागचं एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं, कारण नुसता जुनेपणाचा विक्रम करायला कोणी उणे पन्नासात जात नाही. समुद्रतळाच्या गाळातून आपल्याला माहीत आहे की साधारण १२ लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं सुमारे ४१ हजार वर्षांच्या तालात येत-जात होती. मग साधारण १२ लाख ते ७ लाख वर्षांपूर्वीच्या काळात हा ताल बदलला. हिमयुगं लांबली, जास्त तीव्र झाली आणि सुमारे १ लाख वर्षांच्या चक्रात फिरू लागली. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलात मात्र त्या काळात असा काही बदल झालेला नाही. म्हणजे कारण पृथ्वीवरच कुठेतरी आहे. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड कमी होत गेला का? उत्तर गोलार्धात हिमस्तरांनी खालची मऊ माती खरवडून काढली आणि मग ते कठीण खडकावर घट्ट बसून जास्त जाड होऊ लागले का? गाळातून तापमान आणि बर्फाचं प्रमाण यांचा अंदाज येतो, पण त्या काळची हवा गाळात नसते. हवा फक्त बर्फात अडकलेली मिळते. गेल्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड साधारण १७० ते ३०० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान राहिला, हे डोम सी आणि व्होस्टॉकच्या बुडबुड्यांतून आपण थेट मोजलं आहे. त्या आधीचं मोजायचं तर त्या आधीचा बर्फ हवा.

परत जागेकडे येतो. तळ थंड असणं ही पहिली अट. दुसरी अट, बर्फ फार कमी पडला पाहिजे. डोम सी इथे वर्षाला बर्फाच्या मापाने जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर भर पडते; ते वाळवंटच आहे. ३ सेंटिमीटरच्या हिशेबाने २,८०० मीटरमध्ये थर तसेच राहिले असते तर केवळ ९३ हजार वर्षं मावली असती. दहा-बारा लाख मावतात, कारण वरच्या वजनाखाली बर्फ बाजूंना पसरतो आणि प्रत्येक थर खाली जाता जाता पातळ होत जातो. ग्रीनलंडमध्ये बर्फाची जाडी तीन किलोमीटर असूनही हिमवर्षाव भरपूर असल्याने तिथली सलग नोंद सुमारे १ लाख २३ हजार वर्षांवर थांबते. तळाशी त्याहून जुने तुकडे आहेत, पण क्रम बिघडलेला आहे. वार्षिक थर मोजायला ग्रीनलंडसारखी जागा नाही. दहा लाखांच्या शोधात मात्र तिचा उपयोग नाही.

तिसरी अट बर्फ फारसा हललेला नसावा ही. म्हणून डोम शोधतात, म्हणजे हिमस्तराचे घुमटासारखे उंच भाग. तिथून बर्फ सगळीकडे उतरतो, पण खुद्द माथ्यावर आडवी हालचाल वर्षाला काही सेंटिमीटरच असते. डोमपासून दूर उतारावर गेलात की तुमच्या पायाखालचा खोल बर्फ कुठेतरी दूर वर पडलेला असतो. व्होस्टॉकचं असंच आहे. तिथला खोल बर्फ वरच्या बाजूच्या रिज बी या उंचवट्याकडून वाहत आलेला आहे. आणि तळाचा खडक खडबडीत असला की त्यावरून सरकणाऱ्या थरांना घड्या पडतात, क्वचित जुना थर नव्याच्या वर येतो. कोअरमध्ये अशी घडी उघड दिसतेच असं नाही. वय वाढत जातं असं समजून तुम्ही आकडे मांडत जाता आणि ते चुकीचे असतात.

इथे एक अडचण आहे जी बाहेरून लक्षात येत नाही. थंड तळ हवा तर बर्फ कमी जाड असावा, म्हणजेच खाली डोंगर असावा. शिवाय डोंगरमाथ्यावर भूगर्भीय उष्णता विखुरते, दरीत ती एकवटते, त्यामुळे त्याही अर्थाने डोंगर बरा. पण डोंगर म्हणजे खडबडीत तळ, आणि खडबडीत तळ म्हणजे घड्या. जागा निवडण्याचं सगळं कौशल्य या दोन गोष्टींमधली तडजोड साधण्यात आहे. माझ्या मते यात पारडं रुंद, सपाट माथ्याच्या बुडालेल्या पठाराकडे झुकवावं, सुळक्यांकडे नाही, भले तिथे बर्फ शंभर-दोनशे मीटर जास्त जाड असो. वितळण्याचा अंदाज गणिताने बांधता येतो. घडीचा तसा येत नाही.

या सगळ्यात सर्वांत कच्चा दुवा म्हणजे ती भूगर्भीय उष्णता. ती थेट मोजायची तर तळापर्यंत बोअर हवा, आणि असे बोअर सबंध खंडात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकी ठिकाणी चुंबकीय आणि भूकंपीय मोजमापांवरून अंदाज बांधतात. एकाच जागेसाठी दोन नकाशांतले आकडे दहा-वीस मिलिवॉटने वेगळे निघणं नेहमीचं आहे. वर केलेलं गणित आठवलं तर कळेल की एवढ्या फरकात जुना बर्फ असणं आणि नसणं दोन्ही बसतं. खाली ग्रॅनाइट असला की त्यातल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियममुळे उष्णता आणखी वाढते, आणि किलोमीटरभर बर्फाखालचा खडक कोणता हे बहुतेक ठिकाणी कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मी उष्णतेच्या नकाशावरून जागा ठरवायच्या विरोधात आहे. तळ थंड आहे की ओला, हे रडारलाच विचारायचं.

रडारचं तत्त्व साधं आहे. विमानातून किंवा बर्फावरून ओढल्या जाणाऱ्या स्लेजवरून खाली रेडिओलहरी सोडायच्या. थंड बर्फ त्यांना बराच पारदर्शक असतो. त्या बर्फात मायक्रोसेकंदाला साधारण १६८ मीटर वेगाने जातात, त्यामुळे २,८०० मीटरखालच्या खडकावरून आपटून परत यायला सुमारे ३३ मायक्रोसेकंद लागतात. वरच्या शंभरेक मीटरमध्ये बर्फ अजून भुसभुशीत असतो, त्याला आम्ही फर्न म्हणतो. तिथे लहरी जरा वेगाने जातात म्हणून काही मीटरांची दुरुस्ती करावी लागते. खडकाचा प्रतिध्वनी मिळाला की जाडी कळली.

पण खरी कमाई त्या ३३ मायक्रोसेकंदांच्या मधल्या भागात असते. स्क्रीनवर पृष्ठभाग आणि खडक यांच्यामध्ये बारीक, एकमेकींना समांतर रेषा दिसतात. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांनंतर पडलेल्या हिमात आम्लाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे त्या थराची विद्युतवाहकता बदलते आणि तिथून लहर थोडीशी परत येते. एक रेषा म्हणजे एकाच काळात पडलेला बर्फ. आता ही रेषा डोम सीच्या बोअरपासून सुरू करायची, जिथे प्रत्येक खोलीचं वय कोअरवरून ठाऊक आहे, आणि न तुटता नव्या जागेपर्यंत ओढत न्यायची. चाळीस किलोमीटरवर तीच रेषा समजा तीनशे मीटर वर आली, तर तिथे त्या वयाचा बर्फ तीनशे मीटर उथळ आहे आणि त्याखाली आणखी जुन्यासाठी जागा आहे. अशा दहा-वीस रेषांची वयं आणि खोल्या मिळाल्या की त्यांना जुळेल असं प्रवाहाचं गणिती मॉडेल बसवतात. त्यातून हिमवर्षाव किती होता, थर किती वेगाने पातळ होत आहेत आणि तळाशी वितळणं चालू आहे का, हे सगळं एकत्र निघतं. सर्वांत खालच्या रेषेच्या पुढचं वय मात्र मॉडेलच सांगतं, रडार सांगत नाही. ही सीमारेषा अहवालात ठळक असावी असा माझा आग्रह असतो.

ओला तळही रडारवर ओळखता येतो. सरोवराचा प्रतिध्वनी आरशावरून आल्यासारखा तेजस्वी आणि सलग असतो, खडकाचा तुटक आणि धूसर. आणखी एक कसोटी मला फार भरवशाची वाटते. बर्फाखालच्या सरोवराचं छत पृष्ठभागाच्या उताराच्या उलट दिशेला आणि त्याच्या साधारण अकरा पट तिरकं असतं, कारण वरच्या बर्फाच्या वजनाशी पाण्याला तोल राखावा लागतो. तेजस्वी प्रतिध्वनी या उतारात बसला, तर ते पाणीच. अशा सरोवरांजवळची जागा मी यादीतून लगेच काढतो, मॉडेल काहीही म्हणो.

पाणी एका ठिकाणी वितळून दुसरीकडे गोठतंही, आणि त्यामुळे जाडीवर विसंबणं आणखी धोक्याचं होतं. हिमस्तराचं सर्वांत उंच शिखर म्हणजे डोम ए. खाली गॅम्बुर्त्सेव्ह पर्वतरांग, वर हिमवर्षाव अगदी कमी. कागदावर याहून चांगली जागा नाही. पण विमानातून केलेल्या सर्वेक्षणात तिथे तळाशी पाणी गोठून चिकटलेले प्रचंड थर दिसले, काही ठिकाणी तर एकूण जाडीच्या निम्म्यापर्यंत. ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हा बर्फ खालून तयार होतो, त्यात प्राचीन हवा नसते, आणि तो वरच्या जुन्या थरांना वर उचलून वाकवतो.

आता लिटल डोम सी. डोम सीवरच्या कॉन्कॉर्डिया या फ्रेंच-इटालियन स्टेशनपासून ही जागा सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. इथे बर्फाखाली खडक उंचावलेला आहे, त्यामुळे बर्फ डोम सीपेक्षा चार-पाचशे मीटर कमी जाड. आणि एपिकाच्या बोअरपासून थर ओढत आणता येतात. विमानातून आणि जमिनीवरून रडारच्या अनेक फेऱ्या झाल्यावर, मॉडेलांनी कौल दिल्यावर ही जागा ठरली. युरोपियन आयोगाच्या निधीतून, कार्लो बारबांते यांच्या नेतृत्वाखाली 'बियाँड एपिका' प्रकल्पाने चार मोसम ड्रिलिंग करून जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरवर खडक गाठला. प्राथमिक विश्लेषणानुसार वरच्या २,४८० मीटरमध्ये किमान १२ लाख वर्षांची सलग नोंद आहे, आणि तिच्या तळाजवळ एका मीटरमध्ये १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबलेला आहे. म्हणजे ४१ हजार वर्षांचं एक पूर्ण हिमयुगाचं चक्र साधारण तीन मीटरमध्ये. दहा सेंटिमीटर व्यासाची ती तीन मीटरची कांडी कितीतरी प्रयोगशाळांना पुरवून वापरायची असते. धूळ, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू), वायू, बेरिलियम असा प्रत्येक मोजमापाचा वाटा आधीच ठरवून करवतीने कापला जातो. २०२५ च्या उन्हाळ्यात हे तुकडे युरोपात पोहोचून केंब्रिजसह वेगवेगळ्या ठिकाणी त्यांची मोजमापं सुरू झाली.

त्याच कोअरचा सर्वांत खालचा सुमारे २१० मीटरचा भाग मात्र विस्कटलेला आहे. खूप जुना असण्याची शक्यता आहे, पण तो मुरडलेला, कदाचित मिसळलेला किंवा पुन्हा गोठलेला आहे. रडारवरही तळाजवळचा असा एक पट्टा आधीच दिसत होता, ज्यात रेषा दिसत नाहीत. तो पट्टा बघून कुणी म्हणतं, पाहा, अजून दोनशे मीटर जुना बर्फ शिल्लक आहे. माझं मत वेगळं आहे. रेषा नसलेला बर्फ म्हणजे क्रम नसलेला बर्फ, असं समजूनच जागा निवडावी. त्यातून काही हाती लागलं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर ड्रिलिंगची जागा ठरवू नये.

आतापर्यंत सलग नोंदीबद्दल लिहिलं. याहून कितीतरी जुना बर्फ एका अगदी निराळ्या जागी मिळतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. तो पृष्ठभागालगतच मिळतो. अंटार्क्टिकाच्या कडेला, पर्वतरांगांच्या आडोशाला, काही ठिकाणी हिम साठतच नाही. उलट जोरदार वारा ते उडवून नेतो आणि उघडा बर्फ ऊन-वाऱ्याने थेट वाफ होऊन झिजतो. तिथे कठीण निळा बर्फ उघडा पडलेला असतो. हिमस्तर वाहत येऊन पर्वताला अडतो, वर चढतो, वरून झिजतो, आणि खोलवरचा जुना बर्फ पृष्ठभागाजवळ येतो. १९६९ मध्ये यामातो पर्वताजवळ जपानी पथकाला एकाच परिसरात वेगवेगळ्या प्रकारच्या अनेक उल्का सापडल्या, तेव्हापासून ही जागा म्हणजे उल्कांचं कोठार हे माहीत झालं. अॅलन हिल्समध्ये १९८४ साली मंगळावरून आलेली प्रसिद्ध उल्का मिळाली. त्या भागातल्या काही उल्का दहा लाख वर्षांहून जास्त काळ अंटार्क्टिकात पडून होत्या. उल्का एवढ्या जुन्या, तर त्यांना वाहून आणणारा बर्फही जुना असू शकतो, ही शंका तिथूनच आली.

ती खरी ठरली. अॅलन हिल्समध्ये शंभर-दोनशे मीटरच्या बोअरमधून आधी १० लाख, मग २० लाखांहून जुना बर्फ निघाला. २०२५ मध्ये सारा शॅकल्टन, जॉन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० लाख वर्षांपर्यंतचा बर्फ जाहीर केला, आणि त्यातल्या समस्थानिकांवरून त्या काळापासून तिथलं तापमान सुमारे १२ अंशांनी उतरल्याचं दाखवलं. तीन किलोमीटर खाली न जाता. इथे बर्फ का टिकला, तर पातळ असल्याने तळ कडक गोठलेला, आणि खडकाच्या खाचांमध्ये अडकून पडल्याने तो जवळजवळ हलत नाही. वरच्या अटी याही ठिकाणी लागू आहेत. फक्त भूगोल वेगळा.

पण हा बर्फ तुकड्या-तुकड्यांचा आहे. पुस्तकाची सुटी पानं, क्रमांक नसलेली. त्यामुळे प्रत्येक पानाचं वय स्वतंत्रपणे काढावं लागतं, आणि इथे बर्फातली हवाच मदतीला येते. पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियम-४० चा क्षय होऊन आरगॉन-४० तयार होतो आणि सावकाश वातावरणात येत राहतो. त्यामुळे हवेतलं आरगॉन-४० चं इतर आरगॉनशी प्रमाण दर दहा लाख वर्षांनी लाखात जेमतेम साडेसहा भागांनी वाढतं. एवढा बारीक फरक मोजता येतो ही मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वयात चूक साधारण लाखभर वर्षांची किंवा दहा टक्क्यांची राहते, त्यामुळे एखाद्या नमुन्याला विशिष्ट हिमयुगात बसवणं जमत नाही, पण दहा लाख की वीस लाख हे निश्चित सांगता येतं. दुसरी पद्धत क्रिप्टॉन-८१ ची. त्याचं अर्धायुष्य सुमारे २ लाख २९ हजार वर्षं. २०१४ मध्ये अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीवर ही पद्धत वापरली तेव्हा शेकडो किलो बर्फ वितळवावा लागला. आता काही किलोंवर काम भागतं.

सलग कोअरमध्ये आणखी एक खूण मिळते. सुमारे ७ लाख ७० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटलं. उलटताना ते क्षीण झालं, त्यामुळे जास्त वैश्विक किरण वातावरणात शिरले आणि जास्त बेरिलियम-१० तयार होऊन हिमाबरोबर खाली पडलं. २००६ मध्ये ग्रँट रेसबेक आणि सहकाऱ्यांनी डोम सीच्या कोअरमध्ये ही वाढ शोधून काढली. कोणत्याही नव्या कोअरमध्ये ही खूण अपेक्षित खोलीला दिसली, की मॉडेलवरचा विश्वास दुणावतो.

वय मिळालं तरी काम संपत नाही, कारण हवा तशीच राहिली आहे का हा प्रश्न उरतो. बर्फ आणि त्यातली हवा यांचं वयही एक नसतं. डोम सीसारख्या ठिकाणी बुडबुडे सुमारे शंभर मीटर खोल गेल्यावर बंद होतात, तोवर वरची हवा आत झिरपत असते. म्हणून हवा बर्फापेक्षा काही हजार वर्षांनी तरुण असते. तळाजवळच्या तुलनेने उबदार बर्फात वायू शेजारच्या थरांत हळूहळू पसरतात आणि चढउतार बोथट होतात. अॅलन हिल्सच्या तळालगतच्या काही नमुन्यांत तर कार्बन डायऑक्साइड भलताच जास्त निघाला. कार्बनच्या समस्थानिकांवरून दिसलं की तो जुन्या मातीतल्या सेंद्रिय पदार्थांच्या विघटनातून आलेला आहे. ते नमुने वगळल्यावर जे उरलं त्यातून २०१९ मध्ये एक महत्त्वाचं चित्र मिळालं. ताल बदलण्याआधीच्या उबदार काळांत कार्बन डायऑक्साइड नंतरच्या उबदार काळांएवढाच होता, मात्र थंड काळांत तो नंतरच्या हिमयुगांइतका खाली उतरत नव्हता. म्हणजे बदल झाला तो खालच्या टोकाला.

पुढे कुठे बघायचं, तर डोम सीचाच परिसर अजून संपलेला नाही. ऑस्ट्रेलियाचा 'मिलियन इयर आईस कोअर' प्रकल्प तिथेच आहे. पूर्व अंटार्क्टिकातल्याच डोम फुजी इथे ७ लाख २० हजार वर्षांची नोंद आधीच मिळाली आहे, आणि जपान जवळच नव्या खोल कोअरच्या मागे आहे. रिज बीचं रडार-सर्वेक्षण जेवढं व्हायला हवं तेवढं अजून झालेलं नाही असं मला वाटतं.

एकाच परिसरात दुसरी कोअर कशासाठी, असं बरेच जण विचारतात. पैसा वाया जातो असं वाटतं. पण तळाजवळच्या तीन मीटरमध्ये एक चक्र असताना एखादी लहानशी घडी पूर्ण चक्र गायब करू शकते किंवा दोनदा दाखवू शकते, आणि ती एका कोअरवरून ओळखणं फार कठीण आहे. दोन बोअरमध्ये तोच क्रम आला तरच तो हवामानाचा, नाहीतर तो तळाचा. ग्रीनलंडमध्ये १९९० च्या दशकात सुमारे २८ किलोमीटर अंतरावर काढलेल्या दोन कोअर तळाजवळच्या भागात एकमेकींशी जुळल्या नाहीत, तेव्हाच तिथल्या थरांचा क्रम बिघडल्याचं पक्कं झालं. आणि सलग नोंद १२ लाखांपर्यंत खात्रीची झाली, की अॅलन हिल्सच्या ८ ते १२ लाखांमधल्या सुट्या पानांतला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी ताडून पाहता येईल. तिथे आकडे जुळले, तर २० आणि ३० लाख वर्षांपूर्वीच्या पानांवर किती विसंबायचं हे पहिल्यांदाच मोजून सांगता येईल.